गाठसोड्याच्या बदल्यात

सकाळी आठ वाजता, परदेशातून प्रशिक्षणासाठी आलेल्या निवासी डॉक्टरने पहिल्याच शस्त्रक्रियेत रुग्णाच्या टाक्यांत स्वतःचा हातमोजा शिवून घेतला. थिएटरच्या सिस्टरनी कात्रीने त्याला सोडवलं आणि कोपऱ्यात उभं केलं. उरलेले टाके विभागप्रमुखांना घालावे लागले.

दोन रुग्णालयांतली ही डॉक्टरांची अदलाबदल त्यांनीच ठरवली होती. याच्या बदल्यात त्यांनी गाठसोड्याला तिकडे पाठवलं होतं. आपल्या त्या निवासी डॉक्टरने बांधलेली गाठ हमखास सुटायची, म्हणून सिस्टरनी त्याला ते नाव ठेवलं होतं. तिकडच्या प्रमुखांना मात्र, "आमचा सगळ्यात हुशार मुलगा देतोय," असं सांगण्यात आलं होतं.

"त्यांनीही सगळ्यात हुशारच दिलेला दिसतोय," सिस्टर म्हणाल्या.

"तोंड आवरा, सिस्टर."

"आवरते. पण पलीकडच्या टेबलावर पित्ताशयाचा पेशंट झोपवलाय. त्याच्यापाशी कोणाला उभं करू?"

"याला नको. याला मी आजच परत पाठवतो."

"म्हणजे आपलं रत्न परत येणार. तो हात धुऊन आत आला, की मी बाहेर. आधीच सांगून ठेवते."

विभागप्रमुखांनी हातमोजे ओरबाडून काढले आणि ऑपरेटरला तिकडच्या प्रमुखांना फोन जोडायला सांगितलं.



"त्यांचाच फोन आलाय, सर," ऑपरेटर म्हणाली. "आपल्या डॉक्टरांना त्यांनी विमानात बसवलंय, आणि त्यांचे डॉक्टर आपणच ठेवून घ्या म्हणतात."