बावीस स्क्रीनवर

मोशीत राहणाऱ्या साक्षीने वर्गाच्या ऑनलाइन गेममध्ये ठोकळे रचून आपलं पत्र्याचं घर हुबेहूब उभारलं, तेव्हा तिच्या जिवलग मैत्रिणीने, प्राजक्ताने, गंमत म्हणून सगळ्यांना संदेश दाखवणारी कमांड टाकली आणि बावीसही वर्गमित्रांच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत उमटलं, ‘हा गोठा कुणाचा?’ तेव्हापासून साक्षी तिच्याशी बोलेना. पुढच्या रविवारी सगळे पुन्हा गेममध्ये जमल्यावर प्राजक्ताने कमांडमध्ये फक्त साक्षीचं नाव घातलं आणि लिहिलं, ‘चुकले गं, माफ कर.’ लगेच साक्षीचा फोन आला. “हे बाकीच्यांना दिसतंय?” “नाही. फक्त तुला.” “गोठा मात्र सगळ्यांना दिसला होता.” प्राजक्ताचे कान तापले. सगळ्यांसमोर माफी मागितली तर पोरं आपल्यालाच हसणार, हे उघड होतं. तरी साक्षीचं नाव खोडून तिने सगळ्यांसाठीचं चिन्ह घातलं, खाली आपलं नाव लिहिलं आणि एंटर दाबलं. बावीस स्क्रीनवर माफी झळकली. फोनवर साक्षी म्हणाली, “हं, आता बोल.”