व्हायोलिनच्या आधीचा श्वास

जुन्या रेकॉर्डिंगमधले खोकले, खुर्च्यांची करकर काढून टाकणं हा माझा धंदा. परवा एक कन्चेर्टो आला, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी अडीचशे वर्षांपूर्वी लिहिलेली रचना. त्यात संथ भागात ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटं व्हायोलिन सुरू होण्याआधी वादक जोरात श्वास घेतो. तो श्वास मी कापला आणि त्या जागी माझ्याच खोलीतली शांतता रेकॉर्ड करून जोडली. खरं तर मूळ रेकॉर्डिंग झालं त्याच सभागृहातली शोधून जोडायची असते, पण मी आळस केला.

ऐकलं, तर श्वास तिथेच.

मला बायकोचा संशय आला. मी खोलीत रेकॉर्डिंग करत असताना आत डोकावायची तिला खोडच आहे.

"मी कशाला मरायला येऊ तुमच्या त्या कोंदट खोलीत?" ती म्हणाली.

मग मी दाराला आतून कडी घातली, माईक छातीशी धरला आणि श्वास रोखून दहा सेकंदांची शांतता पुन्हा रेकॉर्ड केली. बाहेर येऊन हेडफोन तिच्या कानांवर चढवला.

"कडी लावून, श्वास रोखून घेतलंय. नुसती रिकामी खोली आहे. काय ऐकू येतं, सांग."

ती ऐकत राहिली. मग हेडफोन काढून माझ्याकडे टक लावून बघू लागली.

"कडी लावून," तिने विचारलं, "इतकं जवळ कोण बसलं होतं तुमच्या?"