शेवंतीचं बाळंतपण

"खात न्हाई काही. कालपासून कोपरे खरवडायली," तारा म्हणाली आणि तिने शेवंतीला आत्याच्या तळहातावर ठेवलं. "अंडी अडकली असतील का गं?"

शेवंती म्हणजे ताराने बाभळीवरून आणून पाळलेली, रंग बदलणारी सरडी. आत्या, सिंधू, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिने पोटावरून बोट फिरवलं, डोळे पाहिले, मागचा पाय उलटा करून पाहिला. टाचेवरच्या बारीक काट्यापाशी तिचा अंगठा जरासा थांबला.

तारा जमिनीकडे बघत होती.

"हो," सिंधू म्हणाली. "अडकलीत."

"आजच?" ताराचा बाप नरसिंग दारातून ओरडला. "संध्याकाळी मुरुडची मंडळी यायलीत पोरीला कुंकू लावायला, अन् इथं सकाळपासून सरडीचं बाळंतपण!"

"गप रे," त्याची माय धुरपताबाई म्हणाली. "आजच्या दिशी गाभण जीव घरात मेला तर पोरीच्या कुंकवाला गालबोट लागंल. सिंधे, काय लागतंय ते सांग."

"ओली माती. हातभर खोल. ओल नसली तर खोदत नाहीत, अंडी पोटातच राहतात. आणि कुणी बघत असलं तरी खोदत नाहीत."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या होत्या, नळ मात्र कोरडे. धुरपताबाईने आपल्या आंघोळीची बादली पुढे सरकवली.

मुरुडचं स्थळ सिंधूनेच आणलं होतं. त्या घराच्या विहिरीला अजून पाणी होतं. भर उन्हाळ्यात तिला तेवढंच दिसलं. ताराची आई गेल्यापासून पोरीच्या बाबतीत सिंधूचाच शब्द चाले. तो शब्द मुरुडला गेला आणि मग नांदेडहून ताराला नर्सिंगच्या प्रवेशाचं बोलावणं आलं. हजर व्हायचा शेवटचा दिवस आजचा. सिंधूने भावापाशी विषय काढून पाहिला होता. "दिलेला शब्द मोडायचा?" नरसिंग म्हणाला. शब्द तिचाच होता.

मागच्या खोलीत तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरली. मुठीत दाबल्यावर गोळा होईपर्यंत सिंधूने पाणी घातलं.

"तारा आत बसेल. तिच्या हाताची सवय आहे. बाकी कुणी डोकावायचं नाही, हाक मारायची नाही. मी सांगेपर्यंत."

खोलीला परसात उघडणारं एक दार होतं. हवा हवी म्हणून सिंधूने त्याची कडी काढली. मग भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून आणला.

"एवढ्या भाकरी?" ताराने विचारलं.

"वेळ लागतो."

ताराने गाठोडं छातीशी धरलं. "आत्या, रागावली न्हाईस ना?"

"कशाबद्दल?"

"हेच. तुला कामाला लावलं."

सिंधूला तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. तोवर तारा वळली होती. दार लागलं.

दुपारी नरसिंग दाराशी आला. "पोरीनं नटायचं कधी? जरा बघतो अन् येतो."

"बाळंतिणीच्या दाराशी गडीमाणसाचं काय काम?" धुरपताबाई उंबऱ्यापाशी पाय पसरून बसली होती. "तू झालास तवा तुझा बापबी बारा दिस अंगणात निजला. सरक मागं."

नरसिंग हसला. "बरं. पेढे वाटाल तवा हाक मारा."

संध्याकाळी बाहेर जीप थांबली. तेव्हा सिंधूने स्वतःच दार उघडलं.

डब्यातली माती सपाट होती. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता. शेवंती वाळत घालायच्या दोरीवर हिरवीगार बसून माशी टिपत होती. परसदार सताड उघडं होतं. तारा नव्हती.

बाहेर मंडळी जोडे काढत होती. नरसिंग त्या दारातून परसात जाऊन आला.

"तू तर हेच शिकवतीस ना कॉलेजात?" तो हळू म्हणाला. "एवढ्याशा पोरीनं फसवलं तुला. अंडी हायत का न्हाईत, तुलाबी कळलं न्हाई?"

"चुकलं माझं, दादा," सिंधू म्हणाली. "मंडळींना मीच सांगते."

जाण्याआधी तिने शेवंतीला दोरीवरून उतरवलं. टाचेवरचा काटा सकाळसारखाच अंगठ्याला लागला. दरवर्षी पहिल्याच प्रात्यक्षिकाला ती तो मुलांना दाखवायची. हा काटा फक्त नराला असतो.