दोन सेकंदांचं दुखणं

चाळिसाव्या उंदरानेही पंजा चाटला तेव्हा ताईने घड्याळ बंद केलं आणि स्वतःचे डोळेही.

"किती?" संस्थेच्या प्रमुख साहेबांनी विचारलं.

"दोन सेकंद."

"चाळीसच्या चाळीस," साहेब म्हणाले आणि त्यांनी अशी मान हलवली, जणू घरात कुणी गेलंय.

प्रयोग ताईचा होता, तिच्या पदवीसाठीचा, आणि तसा साधा होता. सुजलेल्या पंजाला आठवडाभर तुतीचा अर्क चोळायचा, मग उंदराला गरम तबकडीवर ठेवायचं आणि घड्याळ लावायचं. पाय पोळला की उंदीर पंजा चाटतो. जितका उशिरा चाटेल, तितकं औषध गुणकारी. चाटणं म्हणजे वेदना, हा नियम खुद्द साहेबांनी तीस वर्षांपूर्वी केला होता. अर्क न लावलेले उंदीर बारा सेकंद निवांत मिशा साफ करत बसायचे. अर्कवाले दोन सेकंदांत पंजावर तुटून पडायचे. थोडक्यात काय, सूज उतरवणारं, दुखणं पळवणारं म्हणून ताईने ज्या फळाची तीन वर्षं भलामण केली, ते दुखणं सहापट वाढवतं असं कागदोपत्री सिद्ध झालं होतं. सूज उतरली होती, अगदी डोळ्यांना दिसेल इतकी. पण तो तक्ता साहेबांनी बाजूला सारला. सूज कमी आणि दुखणं जास्त, असं कुठे असतं का?

प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही, हाही साहेबांचाच नियम. ताई नियमाची इतकी पक्की की त्या जांभळ्या, चिकट अर्काचा थेंबसुद्धा तिने कधी जिभेवर ठेवला नव्हता.

"प्रयोग बंदचे कागद आणा," साहेब म्हणाले.

ताईने कागद आणून समोर ठेवले. खाली सही झाली की पदवी गेली, तीन वर्षं पाण्यात गेली, आणि वर घरी जाऊन तुतीची बाग लावलेल्या बाबांना सांगायचं की तुतीने दुखणं वाढतं.

साहेबांनी पेन धरलं आणि कळवळून सोडलं. आयुष्यभर सह्या करून त्यांच्या तर्जनीचं पेर टम्म सुजलं होतं.

उंदरांचं दाणापाणी बघणाऱ्या मावशी पिंजरे पुसत होत्या. "बोट आणा इकडे, साहेब. नाहीतरी बाटली फेकायचीच आहे."

"दुखणं वाढतं त्याने."

"दुखलं तर दुखलं. चाळीस जणांनी सोसलं, तुम्ही एकटेच काय नाजूक?"

आणि मावशींनी चांगला जाड थर चोपडलासुद्धा.

साहेबांनी कागद चाळायला घेतले. सवयीने बोट जिभेला लावलं, पान उलटलं. पुढच्या पानाला बोट जिभेवर जरा रेंगाळलं. तिसरं पान उलटलंच नाही. बोट तोंडातच राहिलं.

ताईने मावशींकडे पाहिलं. मग पिंजऱ्यांकडे. मग पुन्हा साहेबांच्या तोंडाकडे. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"गोड आहे का हो, साहेब?"

साहेबांनी बोट बाहेर काढलं. धुतल्यासारखं स्वच्छ होतं. "गोडाचा प्रश्न येतोच कुठे?" ते म्हणाले. "चाटणं म्हणजे वेदना."

"मग तुमचीही नोंद करू?" मावशींनी अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं.

साहेबांनी बोट उलटंसुलटं करून पाहिलं. एका बाजूला तीस वर्षांचा नियम होता, दुसऱ्या बाजूला एक बोट.

"करा," ते शेवटी म्हणाले. "तीव्र वेदना."

ताईने लिहिलं. मग धीर करून प्रयोग बंदचं शेवटचं पान पुढे सरकवलं. "सही, साहेब?"

साहेबांनी पान मागे सारलं आणि दोन्ही हात पसरून मावशींपुढे धरले.

"एका बोटावरून निष्कर्ष काढायचा नसतो. अजून नऊ आहेत."