लगामावरचं पितळ

मला बघायला आलेला मुलगा घोडीवर बसून आला. लगामावरचं पितळ लखलखत होतं. "घोडी सांभाळावी ती आमच्या पोरानं," त्याची आई म्हणाली. बाबा भुललेच.

घोडीला पाणी दाखवायला मी अंगणात गेले. गालावरच्या पट्ट्याखाली बोट शिरेना. पितळाला रोज पॉलिश, चामड्याला थेंबभर तेल नाही. वाळून पार पत्रा झालेलं. ओठांचे कोपरे सोलवटलेले. ही म्हणे निगा!

"पट्टा दोन भोकं सैल करा की," मी म्हणाले.

तो ओट्यावर पोहे चघळत हसला. "सैल सोडली, की डोक्यावर बसते."

मी बक्कल सोडलं. घोडीनं जबडा हलवला आणि माझ्या खांद्यावर मान टाकली.

बाबा जवळ येऊन कुजबुजले, "काय सांगू त्यांना?"

"मुलगा घेऊन जा म्हणावं," मी मोठ्यानंच म्हणाले, "घोडी राहू दे."