टाचणीचं भोक

आयोवातल्या आमच्या गावात पूर्वी लोक नोटा लपवायला टाचणीने पडद्याच्या आतून लावून ठेवत. म्हणून जुनी नोट विकायला आली की मी आधी ती दुकानाच्या खिडकीशी, उजेडात धरतो.

"व्हर्नाबाई, भोक आहे. भाव निम्मा होणार."

"ऑर्विल होता तोवर नव्हतं," त्या म्हणाल्या. ऑर्विल म्हणजे त्यांचा वारलेला नवरा.

नोट दहा डॉलरची, पाठीवर सरकारी खजिन्याची इमारत कोरलेली. भोक नेमकं दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत होतं. आत कुणी दिवा लावलाय असं वाटत होतं.

"ऑर्विल म्हणायचा, मेलो की तिथेच खोली घेतो, तुझी कटकट तरी सुटेल."

आम्ही दोघं हसलो. तेवढ्यात तो उजेड गेला आणि परत आला, आतून कुणी चालत गेल्यासारखा.

बाहेर रस्ता रिकामा होता. मी नोटेमागे तळहात लावला. सगळी नोट काळवंडली, ती एक खिडकी मात्र उजळलेलीच राहिली. मग तीही सावकाश मावळली.

मी नोट पुन्हा उन्हात धरली. भोक कुठेच नव्हतं.

"आता पूर्ण भाव देतो," मी म्हणालो.

व्हर्नाबाईंनी अलगद नोट काढून घेतली.

"हळू बोल, ड्वेन," त्या कुजबुजल्या. "दुपारचा झोपतो तो."