सात नंबर

"काल बारा फेकल्या, आज पुन्हा बारा!" निवृत्त फौजदारांनी कोबीच्या पानाखालची शेवटची गोगलगाय डब्यात टाकली. "शेजारच्या मास्तरीणबाई परत फेकतात. दुसरं कोण?"

फौजदारांचा संशय असा दांडगा, की आरशासमोर उभे राहिले तरी समोरच्याचं नाव-गाव विचारत. आज त्यांच्या एका हातात डबा होता, दुसऱ्यात हातोडी. दोन बागांमधल्या भिंतीतलं छोटं दार ते खिळे ठोकून कायमचं बंद करणार होते.

नात मुंगी आणि नातू भोपळ्या दाराला पाठ लावून उभे राहिले. पलीकडे मास्तरीणबाईंची नात होती. झोका होता.

"आजोबा, आधी पुरावा," मुंगी म्हणाली. शब्द आजोबांचाच. त्यांना हातोडी खाली ठेवावी लागली.

तिनं आईच्या नेलपॉलिशनं बाराही पाठींवर लाल ठिपके दिले. भोपळ्यानं फुंकून फुंकून वाळवले. मग आजोबांनी गोगलगायी नेहमीसारख्या भिंतीपलीकडे भिरकावल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं पाण्याच्या पिंपामागे दबा धरून बसले. फौजदारांनी हातोडी सोबत आणलीच होती.

पलीकडून हात काही आला नाही. आली ती दोन शिंगं. मागून लाल ठिपका. भिंतीच्या माथ्यावर गोगलगाय जरा थबकली आणि चकाकती रेघ ओढत निवांत कोबीकडे उतरू लागली.

"आपली आपण येतेय!" भोपळ्या कुजबुजला. "हिला वाट पाठ आहे."

"पाठ करून घेतलीय," फौजदार म्हणाले. "बाईंचा जन्म गेला त्यात."

मुंगीनं गोगलगाय अलगद उचलली. लाल ठिपक्याशेजारी निळ्या शाईत, अगदी वळणदार, आकडा होता : ७.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला.

"फौजदार! नातीच्या अभ्यासाला रोज बारा गोगलगायी गोळा करते, रोज सकाळी टोपली रिकामी. मला तुमचाच संशय आहे. म्हणून काल नंबर घातले. आज अकरा भिंतीच्या अलीकडेच सापडल्या. सात नंबर कुठंय?"

"हजर!" मुंगी ओरडली.

छोटं दार पलीकडून करकरत उघडायला लागलं. फौजदारांनी हातोडी पाठीमागे लपवली. मुंगीच्या तळव्यावर सात नंबरनं शिंगं आत ओढून घेतली.